रिकाम्या पाइपातली शिट्टी

पालिकेच्या पाणीपुरवठा विभागात त्यांना सगळे 'कानवाले' म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथून ते फारसं बाहेर पडलं नाही. शिपाई हाक मारायचा ती 'कानवाले' अशीच, मुख्य इंजिनिअर फोनवर विचारायचे ते 'आमचे कानवाले आलेत का', आणि बायकोकडे ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायकाही गल्लीच्या तोंडाशी 'कानवाल्यांचं घर हेच ना' असं विचारत आत यायच्या. इतकं कौतुकाचं टोपणनाव मिळाल्यावर माणूस खऱ्या नावासाठी कशाला भांडेल? कानवालेही भांडले नाहीत.

काम सांगायला सोपं होतं. जमिनीखालच्या पाइपातून पाणी कुठे गळतंय ते वरून ऐकायचं. त्यासाठी त्यांच्याकडे कमरेच्या वर येणारी एक लोखंडी सळई होती आणि तिच्या टोकाला लाकडाची वाटी बसवलेली होती. सळई रस्त्यावर नाहीतर व्हॉल्व्हवर टेकवायची, वाटीला कान लावायचा आणि डोळे मिटायचे. पाइपातून सरळ वाहणारं पाणी फारसं बोलत नाही. फटीतून बाहेर पडणारं पाणी मात्र गप्प बसू शकत नाही. बारीक फट शिट्टी वाजवते, मोठी घरघरते, आणि सांध्यातली गळती शेजारणींसारखी कुजबुजते. जागा पक्की झाली की कानवाले खडूनं रस्त्यावर गोल काढायचे आणि गोलात फुली मारायचे. मागून मुकादम आपली माणसं घेऊन यायचा आणि फुलीवर कुदळ घालायचा. फुलीखाली पाणी निघायचंच.

ऐकताना मात्र त्यांचा तोरा बघण्यासारखा असे. रस्त्यानं जाणारा कुणी थांबून 'काय चाललंय' म्हणाला की डोळे न उघडता सांगायचे, "श्वास जरा पलीकडे जाऊन घ्या." लोक हसायचे, पण पलीकडे जायचेही.

लग्नसुद्धा त्यांचं गळतीनंच जमवलं. तेव्हा ते नोकरीत नवे होते. एका शिंप्याच्या दुकानाचा उंबरा बारा महिने ओला राहायचा, म्हणून त्यांना पाठवलं होतं. त्यांनी सळई टेकवली, पण आतून शिलाई मशीनची खडखड चालू. वाकून पाहिलं तर शिंप्याची मुलगी मशीनवर बसलेली.

"मशीन जरा थांबवता का?" त्यांनी विचारलं.

तिनं पायाखालचं पॅडल सोडलं, आणि कुणी सांगितलं नसताना चाकावर तळहात ठेवला, म्हणजे ते उरलेल्या जोरानं अर्धा फेराही फिरू नये. मग स्वतःही तशीच बसून राहिली. कानवाल्यांनी तोवर कितीतरी लोकांना गप्प केलं होतं. लोक गप्प होतात, पण चुळबुळतात, घसा खाकरतात, कंबर खाजवतात. इतकं मनापासून गप्प झालेलं माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. गळती त्यांना लगेच सापडली होती, तरी वाटीवरचा कान काही त्यांनी उचलला नाही.

"ऐकू येत नाही का?" शेवटी तिनं विचारलं.

"येतंय."

"मग?"

"मग काही नाही," कानवाले म्हणाले आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले.

हे 'मग काही नाही' पुढे आयुष्यभर त्यांच्या संसारात राहिलं. भाजी खारट झाली, पंखा बंद पडला, कुठल्या लग्नाला जायचं राहून गेलं, की ती विचारायची "मग?" आणि ते म्हणायचे "मग काही नाही." दोघांना मूलबाळ नव्हतं. त्याचं दुःख त्यांनी आपसात वाटून घेतलं होतं आणि आता ते जुन्या भाडेकरूसारखं एका कोपऱ्यात शांतपणे राहत होतं.

आता त्या वर्षीची गोष्ट. शहराच्या वरच्या अंगाला, शेवटच्या घरांच्या पलीकडे मोठा मोकळा माळ होता, आणि तिथे साबणाचा कारखाना काढायचा बेत होता. जमीन घेऊन झाली होती, रस्ता आखला होता, पण पाणी नव्हतं. कारखान्यानं पालिकेकडे पाइपलाइन मागितली. पालिकेत दोन तट पडले. एक म्हणे, आधी गावातल्या नळांना धड पाणी द्या, मग माळावर लाइन न्या. दुसरा म्हणे, पोरं कामासाठी परगावी चालली आहेत, पाणी नुसतं पिऊन काय करता? बराच काळ घसे कोरडे करून शेवटी एक धोरण लिहिलं गेलं आणि ते दोघांनाही पटलं. गावातल्या एकाही घराचं पाणी कमी करायचं नाही. गळती थांबवून जेवढं पाणी वाचेल, तेवढंच शहराबाहेरच्या उद्योगाला द्यायचं. मातीत मुरणारं पाणी कामाला लागणार, यात कुणाचं काय बिघडणार होतं?

फक्त किती पाणी वाचलं हे मोजायचं कसं, इथे गाडी अडली. मोठ्या टाकीवरचं मीटर कधीचं बंद पडलं होतं आणि नवं यायला उशीर होता. मग असं ठरलं, की दुरुस्त केलेली प्रत्येक गळती लहान, मध्यम की मोठी हे पाहायचं आणि त्यावरून वाचलेल्या पाण्याचा अंदाज धरायचा. हे काम विभागातल्या इंजिनिअर बाईंकडे आलं. अंदाजावर पाइपलाइन टाकणं त्यांना मनातून आवडलं नव्हतं, पण वरून घाई होती. त्यांनी कानवाल्यांना बोलावलं आणि म्हणाल्या, "आता सगळी भिस्त तुमच्या कानावर."

कानवाले त्या दिवशी घरी आले ते छाती पुढे काढूनच. बायको म्हणाली, "दारातून आत याल ना नीट, की दार रुंद करून घेऊ?"

त्यांना आनंद व्हायला आणखी एक कारण होतं. त्यांची धाकटी बहीण अगदी वरच्या गल्लीत राहायची. जुन्या लाइनवरचं ते शेवटचं घर. सगळ्या शहराचं धुणंभांडं उरकलं की मग पाणी तिच्या दारी पोचायचं, तेही करंगळीएवढ्या धारेनं, आणि सकाळ सरायच्या आत परत जायचं. "आमच्या नळाला पाणी येत नाही," ती म्हणायची, "पाण्याची आठवण येते." नवरा गेल्यापासून ती होती आणि तिचा एकुलता एक मुलगा होता, आणि मुलगाही दूरच्या शहरात साबणाच्याच एका कारखान्यात पॅकिंगवर होता. माळावरचा कारखाना निघाला तर त्याला इथे घेऊ, असा शब्द मिळाला होता. बहिणीनं तेव्हापासून त्याच्या खोलीच्या खिडक्या रोज उघडायला सुरुवात केली होती. आपण गळत्या शोधायच्या, त्या पाण्यावर कारखाना निघणार, आणि त्या कारखान्यात भाचा घरी परत येणार, असा हिशोब कानवाल्यांनी मनाशी मांडला आणि सळई उचलली.

आणि खरंच, त्या हंगामात त्यांचा कान असा काही चालला की बोलायची सोय नाही. पहाटे रस्ते मोकळे असताना ते निघायचे आणि गाड्यांची वर्दळ सुरू होईपर्यंत चार-दोन फुल्या सहज मारायचे. ज्या गल्ल्यांत पूर्वी काही ऐकू आलं नव्हतं, तिथेही आता बारीक, सलग शिट्टी ऐकू यायची. एवढी गळती इतकी वर्षं आपल्याकडून सुटली कशी, याचंच त्यांना नवल वाटायचं. मुख्य इंजिनिअरांनी त्यांना आपल्या केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, चहा दिला, वर 'आणखी घ्या' म्हटलं. मुकादमही पूर्वीसारखा कुरकुर करत नव्हता. आधी तो प्रत्येक खड्ड्याशी कानवाल्यांना थांबवून घ्यायचा आणि पाणी दिसलं की मुद्दाम म्हणायचा, "नशीब लागतं बाबा." आता म्हणायचा, "तू हो पुढं. इथलं आम्ही बघतो." कानवाले पुढे व्हायचे.

घरात मात्र एक कटकट सुरू झाली होती. स्वयंपाकघरातला नळ.

"नळ गळतोय गं," ते बाहेरच्या खोलीतून म्हणायचे.

बायको हातातलं शिवण ठेवून उठायची, आत जायची, परत यायची. "केला बंद."

थोडा वेळ बरं वाटायचं. मग पुन्हा तेच. ती पुन्हा उठायची. एकदाही तिनं 'स्वतः जाऊन बघा' म्हटलं नाही, आणि हे तिच्या स्वभावाला धरून नव्हतं. कानवाल्यांच्या ते लक्षात यायला हवं होतं. पण माणसाचं लक्ष आपलं कौतुक कुठे चाललंय तिकडे असतं.

एक गोष्ट मात्र चांगली होती. ती मशीन चालवत असली की नळाचा आवाज बुडून जायचा. दुपारी जेवून कानवाले मशीनशेजारच्या पलंगावर पडायचे आणि त्या खडखडीत त्यांना गाढ झोप लागायची. हल्ली तिला कामही फार येत होतं. जेवणं झाली की ती जी बसायची ती उन्हं उतरेपर्यंत. तयार कपड्यांचा ढीग तेवढा वाढलेला दिसत नव्हता, पण शिवणातलं त्यांना काय कळणार?

वाचलेल्या पाण्याचा आकडा मांडून कारखान्याची लाइन ठरवायची पालिकेच्या सभागृहातली जाहीर सुनावणी जवळ आली, तसे एका दुपारी ते बहिणीकडे गेले. बहीण खुशीत होती. मुलाची खाट तिनं खिडकीखाली सरकवली होती आणि तिच्यावर धुतलेली चादर घातली होती. ती चहा ठेवायला आत गेली आणि कानवाले दाराबाहेरच्या पायरीवर टेकले. पायरीच्या कडेनंच नळाचा पाइप वर आला होता. बसल्या बसल्या त्यांना शिट्टी ऐकू आली. त्यांनी सळई पाइपाला टेकवून वाटीला कान लावला. शिट्टी स्पष्ट होती.

"अगं, तुझ्या दारातच गळती आहे," ते म्हणाले आणि खिशात खडू शोधू लागले. "म्हणून तुला पाणी पुरत नाही."

बहीण कप घेऊन बाहेर आली. "आता कसली गळती, दादा? पाणी सकाळीच गेलं. खालचा व्हॉल्व्ह बंद करून टाकतात ना तुमची माणसं."

"हो, पण..." म्हणत त्यांनी नळ फिरवला. नळानं थोडी हवा सोडली आणि एक थेंब तोंडाशी आणून तिथेच ठेवला. पाइप रिकामा होता.

रिकामा पाइप शिट्टी वाजवत नाही. हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

त्यांनी सळई दगडी पायरीवर टेकवली. शिट्टी होती. दाराच्या चौकटीला टेकवली. होती. अंगणात एक झाड होतं. ते उठून तिथे गेले, बुंध्याला सळई लावली, आणि डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले. झाडातही तीच शिट्टी, तेवढीच बारीक, तेवढीच सलग. मग त्यांनी वाटीवरून कान काढला, सळई खाली धरली आणि नुसतेच उभे राहिले. शिट्टी चालूच होती.

"दादा, काय ऐकतोयस?" बहिणीनं विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "झाड ठीक आहे."

चहा त्यांनी उभ्या उभ्या घेतला आणि तडक पालिकेच्या आवारात गेले. मुकादम हौदाशी बसून फावडी धूत होता.

"खरं सांग," कानवाले म्हणाले. "कोरडे किती निघाले?"

मुकादमानं मान वर केली नाही. "काय कोरडं?"

"खड्डे."

त्यानं हातातलं फावडं आणखी एकदा धुतलं. ते स्वच्छच होतं. "अर्ध्याच्या आसपास," तो म्हणाला. "आधी मला वाटलं, हात-दोन हात चुकला असशील. बाजूला खणलं. तिथंही माती कोरडी ठणठणीत. मग कळलं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? माझं उभं आयुष्य तुझ्या फुलीवर कुदळ घालण्यात गेलं. आता सगळ्यांदेखत तुझा कान खोटा पाडू?" तो पहिल्यांदा वर बघून म्हणाला. "निवृत्तीला थोडकी वर्षं राहिलीत तुझी. म्हटलं, निघून जातील. बाईंचा ज्युनिअर साहेब नोंदीसाठी खड्डा बघायला यायचा तेव्हा आमच्या पिण्याच्या कॅनमधलं पाणी ओतायचो थोडं. त्यानं लांबूनच ओलं बघितलं की झालं काम."

कानवाल्यांना हसावं की रडावं कळेना. ते मुकादमाशेजारी हौदाच्या कठड्यावर बसले.

"अरे, त्या पाण्याच्या भरवशावर कारखान्याला लाइन देणार आहेत," ते म्हणाले. "जे पाणी वाचलंच नाही, ते कुठून जाणार? त्या लाइनचा फाटा निघणार आहे तो माझ्या बहिणीच्या गल्लीच्या खालच्या अंगाला. पहिला नळ तिचाच जाईल."

मुकादमाचे हात थांबले. एवढा पुढचा विचार त्यानं केलाच नव्हता. त्यानं फक्त मित्राचा विचार केला होता.

संध्याकाळी कानवाले घरी आले आणि रोजच्या जागी न बसता, जिथून स्वयंपाकघर दिसतं तिथे बसले. नळ त्यांना ऐकू येत होताच.

"नळ गळतोय गं."

बायको उठली, आत गेली. नळाला तिनं हात लावला नाही. नळ कोरडा होता. ती ओट्याला टेकून थोडं थांबली आणि परत आली. "केला बंद."

"नळ गळत नव्हता," ते म्हणाले.

ती समोर बसली. "नाही."

"आधीही कधी गळत नव्हता?"

"नाही."

"मग रोज उठायचीस कशाला?"

"तुम्हाला ऐकू यायचा ना," ती म्हणाली.

कानवाल्यांना एकदम रडू आलं. त्यांनी ते लपवायचा प्रयत्नही केला नाही. कान गेला याचं दुःख होतं, पण त्याहून मोठी भीती होती ती त्यांनी बोलून दाखवली. सगळं शहर आपल्याला कानवाले म्हणून ओळखतं. कान गेल्यावर आपण कोण? हाक तरी कशी मारतील लोक?

तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना नावानं हाक मारली. पगारपत्रकावरच्या, खऱ्या नावानं. त्या घरात ते नाव फार वर्षांनी उच्चारलं गेलं. "मी याच माणसाशी लग्न केलंय," ती म्हणाली. "कान सोबत आला होता, म्हणून ठेवून घेतला."

दुसऱ्या दिवशी ते आधी बहिणीकडे गेले, कारण तिला सभागृहात कळावं हे त्यांना बरं वाटेना. बहिणीनं सगळं ऐकून घेतलं. तिनं खाटेवरची चादर काढली, घडी घातली आणि कपाटात ठेवली. मग म्हणाली, "बिघडायला तुझ्या कानाला हीच वेळ सापडली?" कानवाले निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली नाही. असं आजवर कधी झालं नव्हतं. उतारावरून येताना त्यांना ते फार लागलं.

तिथून ते इंजिनिअर बाईंकडे गेले. त्यांनी सांगितलं ते सगळं स्वतःवर घेऊन सांगितलं. मुकादमाचं नाव काढलं नाही.

बाईंनी समोरची वही मिटली. "खड्डे मी येऊन बघायला हवे होते," त्या म्हणाल्या. "तुमचा कान आहे म्हटल्यावर मला गरजच वाटली नाही. आता असं बघा. आकडा तर मी बदलेनच. पण मी नुसता आकडा बदलला तर लोक म्हणतील, कुणीतरी कारखान्याच्या आडवं आलं. तुम्ही उठून सांगितलंत तर त्यांना कारण कळेल. जबरदस्ती नाही माझी."

सुनावणीच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. मागच्या रांगेत मुकादम होता, खिडकीजवळ बहीण होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. बायको पुढे, अगदी माइकसमोर येऊन बसली होती. कानवाल्यांचं नाव पुकारलं ते खरं नाव, त्यामुळे हे कोण म्हणून लोक इकडे तिकडे बघू लागले. ते उठले आणि सभागृह शांत झालं. आयुष्यभर त्यांनी माणसांकडून हीच शांतता मागितली होती, आणि आज ती मिळाली तेव्हा तिच्यात त्यांना फक्त शिट्टी ऐकू येत होती.

"मी या गावाच्या गळत्या ऐकतो," ते म्हणाले. "या वर्षी मी खूप ऐकल्या. त्यांतल्या अर्ध्या रस्त्याखाली नव्हत्या, माझ्या कानात होत्या. मला आता सतत शिट्टी ऐकू येते. आत्ताही येतेय. त्या फुल्यांखाली पाणी नव्हतं, म्हणून ते वाचलंही नाही. तुम्ही कारखान्याला जे पाणी द्यायला निघालात, त्यातलं निम्मं कुठेच नाही. ते दिलंत तर कुणाच्यातरी नळातून जाईल. चूक माझ्या कानाची आहे."

कुणी काही बोलायच्या आत मागून मुकादम उभा राहिला. "कान एकटा कसा चुकेल?" तो मोठ्यानं म्हणाला. "कोरड्या खड्ड्यात पाणी मी ओतलं. प्यायच्या कॅनमधलं."

आधी दोघे-तिघे हसले, मग सगळं सभागृह हसलं, आणि त्या हसण्यानंच पुढचं बोलणं सोपं झालं. कारखान्याचा माणूस पुढे बसला होता. त्यानं बाईंना विचारलं, खरं पाणी किती? त्यांनी सांगितलं. त्यानं जरा विचार केला. "मग आम्ही अर्धीच शेड बांधू आधी," तो म्हणाला. "साबण शिजत असताना पाणी तुटलं तर सगळा घाणा वाया जातो. नसलेलं पाणी घेऊन आम्ही काय करणार?"

त्या दिवशी धोरणात दोन ओळी वाढल्या. टाकीवर मीटर बसेपर्यंत अंदाजानं एक थेंबही बाहेर द्यायचा नाही. आणि बाहेरच्या उद्योगाची लाइन उघडायच्या आधी आणि उघडल्यावर, लाइनीवरच्या शेवटच्या घरातल्या नळाला पूर्वीइतकं पाणी येतंय का, हे विभागाच्या माणसानं तिथे बसून डोळ्यांनी बघायचं. मुख्य इंजिनिअरांनी विचारलं, या कामाला कोण जाईल? कानवाले खाली बघत होते.

"त्यालाच पाठवा," खिडकीजवळून बहीण म्हणाली. "शेवटचं घर माझंच आहे. तिथल्या झाडाची तब्येतही त्याला माहीत आहे."

झाडाचं काय ते कुणालाच समजलं नाही. कानवाल्यांना समजलं. सभा संपल्यावर जिना उतरताना बहिणीनं त्यांचा हात धरला. "पहिल्या अर्ध्या शेडीत माझ्या मुलाचा नंबर लागला नाही, तर दुसऱ्या अर्ध्यात लागेल," ती म्हणाली. "चादर काय, कपाटात खराब होत नाही." ती मुद्दाम मोठ्यानं बोलत होती. शिट्टीमुळे ऐकू येणं कमी होत नाही, हे त्यांनी तिला सांगितलं नाही.

घरी येऊन ते जेवले आणि मशीनशेजारच्या पलंगावर पडले. बायको मशीनवर बसली, खडखड सुरू झाली, शिट्टी बुडाली, आणि त्या दिवसाच्या दमणुकीनं त्यांना लगेच झोप लागली.

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. मशीन चालूच होतं. ते न हलता तसेच पडून बघत राहिले. तिचे पाय पॅडलवर एका लयीत वरखाली होत होते आणि नजर खिडकीबाहेर होती. सुईखाली कापडाचा एक जुना तुकडा होता. तो ती पुढे सरकवायची, टोक आलं की फिरवायची, आणि पुन्हा पुढे सरकवायची. तुकडाभर बारीक भोकांच्या ओळी होत्या, ओळींवर ओळी. कापड विरून जाळीसारखं झालं होतं. सुईत दोरा नव्हता.

किती दुपारी ती अशी बसली असेल, आणि आपण म्हणत होतो, हल्ली हिला काम फार येतं. कानवाल्यांना तो ओला उंबरा आठवला, आणि चाकावर ठेवलेला तळहात.

"दोरा नाहीये त्यात," ते म्हणाले.

तिनं वळून पाहिलं. पाय तिचे थांबले नाहीत. "माहीत आहे," ती म्हणाली. "ऐकू येतंय का अजून?"

"येतंय."

"मग?"

"मग काही नाही," कानवाले म्हणाले आणि कुशीवर वळले. ती मशीन चालवत राहिली.